घरी लसूण लावताना : पहिल्यांदाच लागवड करणाऱ्यांसाठी

वाफेकरी

लसूण हे घरी लावायला अतिशय सोपे पीक आहे असे सर्वत्र सांगितले जाते, आणि पाकळी मातीत खोचली की ती उगवते, एवढ्यापुरते ते खरेही आहे. पण उगवलेली पात म्हणजे गड्डा नव्हे. पहिल्यांदा लावणाऱ्या अनेकांची पात जोमाने वाढते, महिनोन्महिने हिरवीगार राहते, आणि उपटून पाहावे तर खाली एकच गोल गोटी किंवा नुसतीच जाडसर मान निघते. मग दोष मातीला दिला जातो, पुढच्या वेळी खत वाढवले जाते आणि फळ तेच मिळते. या निराशेचे मूळ बहुतेक वेळा लागवडीच्या वेळेत आणि लावलेल्या पाकळीत असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून कुंडी आणि माती यांच्याआधी थंडीविषयी लिहितो.

लसणाचा गड्डा दोन संकेतांवर घडतो. पहिला संकेत थंडीचा. पाकळीला किंवा कोवळ्या रोपाला साधारण ६ ते १० आठवडे १० अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान मिळाले, की आतल्या कोंबाची पुढे वेगवेगळ्या पाकळ्या धरण्याची तयारी होते. दुसरा संकेत दिवसाच्या लांबीचा आणि वाढत्या उबेचा. हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला, की रोप नवी पाने काढणे थांबवते आणि पानांत तयार झालेले अन्न खाली उतरवू लागते. थंडी पुरेशी मिळाली नाही, तर गड्डा पाकळ्यांत विभागला न जाता अखंड गोटी राहण्याची शक्यता वाढते. दिवस पुरेसा मोठा झाला नाही, तर रोप पातच वाढवत बसते.

यातून जी गोष्ट निघते ती नवशिक्यांना फारशी कोणी सांगत नाही. गड्डा धरण्याचा संकेत रोपाचे वय पाहून येत नाही, तो ऋतूबरोबर येतो. त्या वेळी रोपाला चारच पाने असतील तर चार पानांच्या बळावर आणि दहा असतील तर दहा पानांच्या बळावर गड्डा भरतो. म्हणूनच लागवड हिवाळ्याच्या तोंडावर करायची : उत्तर गोलार्धात साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात मार्चअखेर ते मे. जिथे जमीन गोठते तिथे ती गोठण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी पाकळी जमिनीत गेलेली असावी, म्हणजे मुळे धरतात आणि कोंब मात्र फारसा वर येत नाही. वसंतात लावलेला लसूणही उगवतो, परंतु त्याला पाने वाढवायला सवड मिळत नाही आणि गड्डे लहानच राहतात.

लसणाचे, म्हणजे ॲलियम सटायव्हमचे, दोन मुख्य गट आहेत. कडक मानेच्या लसणाच्या मधोमध फुलाचा ताठ दांडा येतो आणि त्याच्याभोवती एकाच वर्तुळात मोजक्या, मोठ्या, सोलायला सोप्या पाकळ्या असतात. या गटाला कडक हिवाळा मानवतो. मऊ मानेच्या लसणाला सहसा दांडा येत नाही, त्याच्या लहानमोठ्या पाकळ्या अनेक थरांत बसलेल्या असतात, तो सौम्य हिवाळ्यात जमतो आणि साठवणीत अधिक काळ टिकतो. हिवाळा सौम्य असेल तर नवशिक्याने मऊ मानेचाच घ्यावा. हत्ती लसूण या नावाने मिळणारा प्रचंड आकाराचा गड्डा खरे तर लीकच्या, म्हणजे कांद्याच्या कुळातल्या एका पातीच्या भाजीच्या, प्रजातीतला आहे, तेव्हा त्याच्यावरून लसणाविषयी अनुमान बांधू नये.

खाण्यासाठी विकला जाणारा लसूण लावावा का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो उगवू शकतो; पण तो कोणत्या अक्षांशावरून आला आहे हे आपल्याला ठाऊक नसते, साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून त्याच्यावर प्रक्रिया झालेली असू शकते, आणि त्याच्यासोबत रोगही आपल्या मातीत येऊ शकतो. शक्य असल्यास आपल्याच हवामानात पिकलेला, लागवडीसाठी म्हणून राखलेला गड्डा घ्यावा. तो टणक असावा, दाबल्यावर कुठेही पोकळ लागू नये आणि त्याच्यावर बुरशीचे डाग नसावेत. पाकळ्या लागवडीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या दिवशी सुट्या कराव्यात, कारण सुट्या केल्यावर तळाची चकती, जिथून मुळे फुटतात, ती सुकू लागते. साल काढू नये. सर्वांत मोठ्या पाकळ्या लावाव्यात आणि आतल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकाला वापराव्यात. कोवळ्या रोपाला पहिले बळ त्या पाकळीतल्या साठ्यातूनच मिळते, त्यामुळे मोठ्या पाकळीतून मोठा गड्डा मिळण्याची शक्यता स्पष्टपणे अधिक असते.

जागा अशी निवडावी की जिथे दिवसाकाठी ६ ते ८ तास थेट ऊन मिळेल. माती भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी युक्त आणि उत्तम निचऱ्याची असावी. सामू, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा पीएच, ६ ते ७ च्या दरम्यान चांगला. वाफ्यात चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत आधीच मिसळून घ्यावे, ताजे शेणखत मात्र घालू नये. पाकळीचे टोक वर आणि चकती खाली ठेवून सौम्य हिवाळ्यात तिच्यावर ३ ते ५ सेंटिमीटर माती येईल अशी, तर जमीन गोठणाऱ्या भागात ५ ते ८ सेंटिमीटर माती येईल अशी ती लावावी. दोन पाकळ्यांत १० ते १५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. उलटी लावलेली पाकळीही उगवते, पण तिचा कोंब वळसा घेऊन वर येतो आणि गड्डा वाकडा होतो.

तणांविषयी एक वाक्य आवर्जून लिहितो. लसणाची पाने अरुंद आणि उभी असल्यामुळे ती जमिनीवर सावली धरत नाहीत आणि मुळेही उथळ असतात, म्हणून तणांशी झुंजण्यात हे पीक फार दुबळे आहे. वाळलेले गवत, पेंढा किंवा पालापाचोळा यांचे आच्छादन केल्यास तण दबते, ओल टिकते आणि थंड प्रदेशात मुळांना संरक्षणही मिळते.

उन्हाचाकोपरा

माझ्याकडे जमीन नाही, केवळ कुंड्या आहेत. कुंडीत गड्डा खरोखर भरतो का, की कुंडीतून पातीचीच अपेक्षा ठेवावी? एका कुंडीत किती पाकळ्या लावाव्यात आणि खाली निचऱ्यासाठी खडे घालावेत का, हेही कृपया सांगावे.

वाफेकरी

कुंडीत गड्डा भरतो, मात्र कुंडी किमान २० सेंटिमीटर खोल असावी. २५ ते ३० असेल तर अधिक चांगले. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोल कुंडीत कडेपासून थोडे अंतर सोडून सहा-सात पाकळ्या बसतात, त्याहून अधिक लावण्याचा मोह टाळावा. बागेतली माती, कंपोस्ट आणि निचऱ्यासाठी जाडसर वाळू किंवा परलाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) यांचे मिश्रण करावे. नुसती बागेतली माती कुंडीत दाबून बसते आणि भरणाऱ्या गड्ड्याला जागा देत नाही. कुंडी वाफ्यापेक्षा लवकर कोरडी पडते आणि लवकर गारही होते. पाणी देण्यापूर्वी बोट २ ते ३ सेंटिमीटर आत घालून पाहावे आणि तिथे कोरडे लागले तरच द्यावे. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, कारण लसूण दोघांनाही विषारी आहे.

खुरपे

खड्यांविषयी मी लिहितो, कारण हा समज फार रुजलेला आहे. बारीक कणांच्या मातीतून खालच्या जाड खड्यांच्या थरात पाणी सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण संपृक्त झाल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. त्यामुळे खड्यांचा थर घातला की पाणी साचण्याची पातळी खाली जाण्याऐवजी मुळांच्या दिशेने वर येते आणि कुंडीतली उपयोगी खोलीही कमी होते. तळाला पुरेशी छिद्रे आणि संपूर्ण कुंडीत एकसारखे, हवेशीर मिश्रण हाच निचऱ्याचा खरा उपाय आहे. माती वाहून जाण्याची भीती असेल तर छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवावा.

दमटहवा

मूळ लेखात थंडीवर एवढा भर दिलेला वाचून काळजी वाटली. आमच्या भागात हिवाळा नावापुरताच असतो आणि रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली क्वचितच जाते. अशा ठिकाणी लसूण लावूच नये का?

वाफेकरी

अवश्य लावावा, पण वाणाची निवड आणि पाकळीची पूर्वतयारी यांकडे अधिक लक्ष द्यावे. लसणाचे सर्व वाण सारखीच थंडी आणि सारखाच मोठा दिवस मागत नाहीत. उष्ण कटिबंधात पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेलेले वाण कमी थंडीत आणि १२ तासांच्या आसपासच्या दिवसातही गड्डा धरतात आणि चार-पाच महिन्यांत काढणीला येतात. उंच अक्षांशांवरच्या वाणांना त्याहून मोठा दिवस लागतो आणि ते आठ-नऊ महिने जमिनीत राहतात. थंड प्रदेशातला देखणा, मोठ्या पाकळ्यांचा गड्डा आणून उष्ण प्रदेशात लावणे हे अपयशाचे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि दुर्दैवाने नवशिक्याची निवड नेमकी त्या देखण्या गड्ड्यावरच पडते.

दुसरा मार्ग म्हणजे थंडीचा संकेत आपण स्वतः पुरवणे. लागवडीच्या ६ ते ८ आठवडे आधी अखंड गड्डे कागदी पिशवीत घालून शीतकपाटाच्या मुख्य भागात, साधारण ४ ते ७ अंशांवर, ठेवावेत. गोठवणीच्या कप्प्यात ते कधीही ठेवू नयेत आणि बंद प्लॅस्टिकमध्येही ठेवू नयेत, कारण तिथे दमटपणामुळे बुरशी धरते. बाहेर काढल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाकळ्या लावून टाकाव्यात. वर्षातील सर्वांत गार दिवस जवळ आलेले असताना ही लागवड व्हावी, हेही पाहावे. थंडी मिळालेली पाकळी तापलेल्या मातीत गेली, तर मिळालेल्या थंडीचा परिणाम कमी होतो.

खुरपे

यात एक सावधगिरी जोडतो. जेवढी थंडी जास्त तेवढे चांगले, असे समजू नये. लागवडीचा लसूण ४ अंशांहून कमी तापमानात दीर्घकाळ राहिला तर गड्डे ओबडधोबड होतात, बाजूने कोंब फुटतात आणि पीक वेळेआधीच पक्व होते. उलट १८ अंशांच्या वर साठवलेला लसूण उशिरा उगवतो आणि उशिरा पक्व होतो. ज्यांचा हिवाळा पुरेसा गार आहे त्यांनी शीतकपाटाच्या वाटेला जाऊच नये. त्यांची जमीन हे काम अधिक चांगले करते.

उन्हाचाकोपरा

मागे लावलेल्या लसणाच्या काही अखंड गोट्या माझ्याकडे शिल्लक आहेत. त्या स्वयंपाकात वापरून टाकाव्यात की पुन्हा लावता येतील?

वाफेकरी

त्या टणक असतील तर जरूर लावाव्यात. अखंड गोटी म्हणजे एक मोठी पाकळीच असते. पुढच्या हंगामात तिला वेळेवर थंडी मिळाली, तर तिच्यापासून पाकळ्यांचा भरलेला गड्डा तयार होतो, आणि तिच्यात साठा अधिक असल्यामुळे रोपही जोमदार निघते.

हिरवीपात

ज्यांना केवळ पातच हवी आहे त्यांना या सगळ्या गणिताची आवश्यकता नाही, हे नोंदवून ठेवते. बारीक पाकळ्या उथळ कुंडीत जवळजवळ लावून उजेडाच्या खिडकीत ठेवल्या, तर कोणत्याही ऋतूत दोन-तीन आठवड्यांत पात कापण्याजोगी होते. मात्र त्याच रोपापासून गड्ड्याचीही आशा धरू नये. पात सतत कापली, की गड्डा भरायला काही उरत नाही.

पानोपानी

माझ्या रोपांच्या पानांची टोके पिवळी पडू लागली आहेत. लागवडीला जेमतेम दोन महिने झाले आहेत, त्यामुळे हे काढणीचे लक्षण नाही हे समजते. पाणी वाढवावे की खत द्यावे?

रोपवैद्य

दोन्ही करण्यापूर्वी एक रोप हलकेच खणून मुळे पाहावीत, ही विनंती. पिवळेपणा हे एकच लक्षण अनेक कारणांनी दिसते आणि पाणी वाढवणे हा उपाय त्यातल्या निम्म्या कारणांत अपायच करतो.

केवळ सर्वांत जुनी, खालची पाने पिवळी होत असतील, मुळे पांढरी व टणक असतील आणि वाढ मंदावलेली असेल, तर नत्राची कमतरता संभवते. लसणाला नत्राची गरज पानांच्या वाढीच्या काळात, म्हणजे गड्डा धरण्यापूर्वी असते. त्या काळात कंपोस्ट किंवा सौम्य द्रवरूप खत द्यावे. गड्डा फुगू लागल्यावर नत्र पूर्ण थांबवावे. उशिरा दिलेल्या नत्रामुळे रोप पुन्हा पानांकडे वळते, बाजूने कोंब फुटतात आणि असा गड्डा साठवणीत टिकत नाही. कडक थंडीत किंवा कोरड्या वाऱ्यात टोके किंचित करपणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी काहीही करावे लागत नाही.

मुळे तपकिरी, मऊ झालेली असतील आणि माती चिकट लागत असेल, तर पाणी जास्त झाले आहे. पानांवर चांदीसारखे चकाकणारे बारीक ओरखडे असतील, तर पानांच्या बेचक्यात पाहावे. तिथे फिकट पिवळे, अगदी बारीक फुलकिडे दडलेले आढळतात. उष्ण, कोरड्या हवेत ते वेगाने वाढतात. घरच्या चार-सहा रोपांवर सकाळच्या वेळी पाण्याचा जोरदार फवारा बेचक्यापर्यंत मारणे आणि गरज पडल्यास कडुलिंबाच्या तेलाचे सौम्य द्रावण फवारणे पुरेसे ठरते. पानांवर लांबट, खोलगट, जांभळट चट्टे आणि त्यांच्याभोवती पिवळी कडा दिसत असेल, तर तो जांभळा करपा आहे. ही बुरशी पाने ओली राहिल्यावर पसरते, म्हणून पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्यावे आणि ते सकाळी द्यावे. रोगट पाने काढून टाकावीत, कंपोस्टमध्ये घालू नयेत.

सर्वांत गंभीर कारण शेवटी लिहितो. रोप अकाली पिवळे पडून सहज उपटले जात असेल आणि गड्ड्याच्या तळाशी कापसासारखी पांढरी बुरशी व खसखशीएवढे काळे दाणे दिसत असतील, तर ती पांढरी सड आहे. हे काळे दाणे मातीत २० वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. कुंडी असेल तर रोपांसह सगळी माती टाकून द्यावी आणि कुंडी स्वच्छ धुवावी. वाफा असेल तर तिथे कांदा, लसूण, लीक यांपैकी काहीही पुन्हा लावू नये आणि तिथली अवजारे धुतल्याशिवाय दुसरीकडे वापरू नयेत. रोग नसतानाही कांदावर्गीय पिके एकाच जागी दर वर्षी न घेता तीन-चार वर्षांचे अंतर ठेवावे, असे जे सांगितले जाते त्यामागे हेच कारण आहे.

पानोपानी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मुळे पांढरी आहेत आणि फक्त खालची दोन पाने टोकाला पिवळी आहेत, त्यामुळे कंपोस्टचा पातळ थर देऊन वाट पाहते. आता काढणीविषयीही सांगावे, कारण जमिनीखाली काय चालले आहे हे दिसत नसल्याने नेमकी वेळ कशी ओळखावी हे कळत नाही.

वाफेकरी

काढणीची वेळ पानेच सांगतात. लसणाच्या प्रत्येक पानाचा खालचा भाग गड्ड्याभोवतीचे एक आवरण असतो. वर पान वाळले की खाली एक साल पातळ होऊन कुजण्याच्या मार्गाला लागते. सगळी पाने वाळेपर्यंत थांबले तर आवरणे फाटतात, पाकळ्या सुट्या होतात आणि असा लसूण टिकत नाही. फार लवकर काढला तर पाकळ्या भरलेल्या नसतात. खालची एक तृतीयांश ते निम्मी पाने वाळलेली आणि वरची पाच-सहा अजून हिरवी, ही स्थिती योग्य समजावी. तरीही शंका वाटल्यास एक गड्डा काढून आडवा कापावा. पाकळ्या सालीत गच्च भरलेल्या दिसल्या, तर काढणी करावी. या स्थितीच्या साधारण दोन आठवडे आधी पाणी थांबवावे, म्हणजे आवरणे ओली राहत नाहीत. त्याआधी, गड्डा फुगत असताना मात्र माती कोरडी पडू देऊ नये. पाण्याच्या बाबतीत ताण सहन न होणारा काळ तोच आहे.

कडक मानेच्या लसणाला फुलाचा दांडा आल्यावर तो एक वळसा घेतो तेव्हाच कापावा, कारण तो राहिला तर रोपाचे अन्न त्याच्या टोकाच्या कळ्यांकडे जाते. कापलेला कोवळा दांडा खाण्यास उत्तम असतो.

गड्डा पातीला धरून ओढू नये. बाजूने फावडे किंवा खुरपे घालून माती सैल करावी आणि अलगद उचलावा. ताजा गड्डा बाहेरून टणक दिसला तरी त्याला सहज मार बसतो, आणि मार बसलेल्या जागीच सडायला सुरुवात होते.

जुनावाफा

काढणीपूर्वी पात मुरगळून आडवी केल्यास गड्डे अधिक भरतात, असे मी पूर्वीपासून ऐकत आलो आहे आणि अनेक जण तसे करतात. मूळ लेखकांनी त्याचा उल्लेख का केला नाही?

वाफेकरी

मी ते करू नये असे म्हणेन. गड्डा भरतो तो हिरव्या पानांनी तयार केलेल्या अन्नावर. पान मोडले की ते अन्न खाली उतरण्याची वाटच मोडते आणि ओल व बुरशी यांना मानेतून आत शिरायला जखम मिळते. कांद्याची पात पक्व झाल्यावर आपोआप माना टाकते, त्यावरून ही पद्धत लसणाकडे आली असावी असे वाटते. लसणाची पात मात्र बहुधा उभीच वाळते.

जुनावाफा

कारण पटण्यासारखे आहे. या वेळी निम्मा वाफा न मुरगळता ठेवतो, म्हणजे फरक डोळ्यांनीच पाहता येईल.

दमटहवा

काढल्यावर धुवावा का? आणि दमट हवेत तो सुकवावा कसा?

खुरपे

धुऊ नये. माती हाताने किंवा मऊ कुंचल्याने झटकावी, पात आणि मुळे तशीच ठेवावीत आणि गड्डे सावलीत, वारा खेळेल अशा जागी एकेका थरात पसरावेत किंवा लहान जुड्या बांधून टांगावेत. सुकायला दोन ते चार आठवडे लागतात. दमट हवेत जुड्या अगदी लहान ठेवाव्यात आणि शक्य असल्यास पंखा लावावा. उष्णतेपेक्षा हलती हवा महत्त्वाची. कडक उन्हात टाकलेला ताजा लसूण भाजला जाऊन मऊ पडतो. मान दाबल्यावर ओली लागत नाही आणि बाहेरची साल कागदासारखी कुरकुरते, तेव्हा तो सुकला असे समजावे. मग मुळे छाटावीत आणि मान २ ते ३ सेंटिमीटर ठेवून पात कापावी.

साठवण कोरड्या, अंधाऱ्या, हवेशीर जागी, जाळीच्या पिशवीत किंवा टोपलीत करावी. घरात १५ ते १८ अंशांची जागा चांगली. शीतकपाटात मात्र तो लवकर कोंब धरतो, कारण तिथे त्याला नेमका तोच हिवाळ्याचा संकेत मिळतो ज्याविषयी सुरुवातीला लिहिले आहे. नीट सुकवलेला मऊ मानेचा लसूण सहा ते नऊ महिने आणि कडक मानेचा तीन ते सहा महिने टिकतो.

हिरवीपात

सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून ठेवल्या तर त्या अधिक काळ टिकतात, असे वाचले होते. जास्त पीक आल्यास तो मार्ग योग्य आहे का?

रोपवैद्य

सामान्य तापमानात तो मार्ग धोकादायक आहे, हे अगदी स्पष्टपणे लिहितो. मातीतून आलेल्या लसणावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलात हवा पोहोचत नाही आणि लसणात आम्लताही कमी असते. अशा स्थितीत हा जिवाणू वाढून अत्यंत तीव्र विष तयार करू शकतो आणि वासावरून किंवा चवीवरून त्याचा पत्ता लागत नाही. तेलातला कच्चा लसूण शीतकपाटात ठेवून चार दिवसांत संपवावा. जास्तीच्या पाकळ्या टिकवायच्या असतील तर त्या गोठवाव्यात किंवा पातळ काप करून पूर्ण वाळवाव्यात.

बीजशोधक

एक मूलभूत प्रश्न विचारतो. लसूण नेहमी पाकळीपासूनच का लावतात? कांद्यासारखे त्याचे बी का मिळत नाही?

खुरपे

आपण लावतो तो लसूण जवळजवळ पूर्णपणे वांझ आहे. हजारो वर्षे माणसाने तो पाकळ्यांपासूनच वाढवला आणि मोठ्या गड्ड्यांची निवड करत गेला, त्या ओघात त्याची फुलून बी धरण्याची क्षमता नाहीशी झाली. कडक मानेच्या लसणाच्या दांड्यावर बारीक दाणे येतात, ते बी नसून लहानशा कळ्या असतात आणि त्यांतून मूळ रोपाचीच प्रतिकृती उगवते. त्या लावल्यास पहिल्या वर्षी छोटी गोटी आणि दोन-तीन वर्षांनी पूर्ण गड्डा मिळतो. ज्यांच्याकडे सवड आहे त्यांनी हा प्रयोग जरूर करावा, कारण या कळ्या कधी जमिनीला टेकलेल्या नसतात आणि मातीतले रोग त्यांच्यासोबत येत नाहीत.

खरे बी धरणारी लसणाची झाडे मध्य आशियात, म्हणजे या वनस्पतीच्या मूळ प्रदेशात, आढळली आहेत. १९८०च्या दशकात जपानी संशोधक ताकेओमी एतो यांनी तिथून मिळवलेल्या झाडांपासून बी धरून ते रुजवून दाखवले आणि त्यानंतर इतर संशोधकांनीही हे काम पुढे नेले. घरच्या बागेत मात्र पाकळी हेच बियाणे.

पानोपानी

मग दर वर्षी आपल्याच गड्ड्यांतून बियाणे ठेवत गेलो तर ते क्षीण होत जाते का?

वाफेकरी

पाकळी स्वतःहून क्षीण होत नाही; तिच्यात विषाणू साठत जातात. बीपासून वाढणाऱ्या पिकांत अनेक विषाणू बियांच्या टप्प्यावर गळून पडतात, लसणात तो टप्पाच नसल्यामुळे आजारी रोपाची प्रत्येक पाकळी आजारीच निघते. म्हणून बियाण्याची निवड काढणीनंतर टोपलीसमोर बसून करण्यापेक्षा पीक उभे असतानाच सुरू करावी. पानांवर फिकट पिवळे उभे पट्टे असलेली, खुरटलेली किंवा वेडीवाकडी वाढलेली रोपे काडी रोवून खुणावून ठेवावीत आणि त्यांचे गड्डे केवळ खाण्यासाठी वापरावेत. तळाशी फुगून स्पंजासारखे झालेले रोप आढळले, तर ते सूत्रकृमीचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमीचे, लक्षण असू शकते. त्याच्या शेजारचा लसूणही बियाण्यासाठी घेऊ नये.

उरलेल्या निरोगी रोपांतून सर्वांत मोठे, घट्ट बांध्याचे आणि सारख्या पाकळ्यांचे गड्डे निवडावेत. सर्वांत मोठे गड्डे खाऊन टाकून उरलेले लावण्याची सवय फार पसरलेली आहे आणि दर वर्षी गड्डा लहान होत जाण्यामागे तिचा वाटा मोठा असतो. किती ठेवावे हे पाकळ्यांवरून ठरवावे : एका गड्ड्यात लावण्याजोग्या मोठ्या पाकळ्या सहा निघत असतील आणि पुढच्या वर्षी साठ रोपे हवी असतील, तर दहा गड्डे पुरतात, आणि साठवणीत काही खराब होतील म्हणून दोन-तीन अधिक ठेवावेत. ते खाण्याच्या लसणापासून वेगळे, गड्डे न फोडता, १० ते १८ अंशांच्या कोरड्या जागी टांगावेत आणि पिशवीवर वाणाचे नाव व काढणीची तारीख लिहावी. महिन्यातून एकदा हाताने दाबून पाहावे आणि मऊ लागलेला गड्डा लगेच बाजूला काढावा.